वायव्येकडे पाहताना

साक्षीदार खुर्चीत मागे रेलला, इतका वेळ त्याच्या डोक्याआड दडलेलं चित्र उघडं पडलं, आणि लेनोर थिबोची बोटं लघुलेखनाच्या यंत्रावर थांबली. वकील प्रुइट प्रश्न विचारतच होता. साक्षीदार, एका बांधकामावर क्रेन चालवणारा जाडजूड माणूस, उत्तर देतच होता. शब्द तिला ऐकू येत होते. पण कानांकडून बोटांकडे जाणारी वाट, जिच्यावरून आजवर लाखो शब्द तिला न विचारता गेले होते, ती मध्येच कुठेतरी बंद झाली होती. चित्रात एक माणूस उभा होता. डावा पाय दगडावर, उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर ताणलेला, तर्जनी किंचित वर. रुंद कडांची टोपी मागे ढकललेली. गुडघ्याशी कुत्रा. तो तिचा पणजोबा होता.

"लेनोर?" प्रुइट म्हणाला. "काही बिघडलं का?"

"शेवटचं वाक्य पुन्हा सांगता का?" ती म्हणाली. जबानीच्या खोलीत तिचा आवाज सहसा कुणी ऐकलेला नसे. सगळ्यांचं बोलणं टिपून घ्यायचं आणि आपण तिथे नसल्यासारखं बसायचं, हेच तर तिचं काम. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं तेव्हा कुणीतरी दिवा लावून उठवावं तसं तिला झालं.

"मी म्हटलं," साक्षीदार जरा चढ्या आवाजात, बहिऱ्याला सांगावं तसं म्हणाला, "की मी त्याला लांबून पाहिलं, पण तो तोच होता. त्याची उभं राहायची ढब मी कुठेही ओळखेन."

तिने ते लिहिलं. पुढचंही सगळं लिहिलं. नजर तिने साक्षीदाराच्या ओठांवर बांधून ठेवली, पण ओठांच्या वर, डोक्याच्या मागे, तो हात ताणून उभाच होता. जबानी संपली, माणसं उठली, कोट चढवून लिफ्टकडे गेली. लेनोर यंत्राच्या तिकाटण्याचे पाय उगाच पुन्हा पुन्हा आवळत राहिली. खोली रिकामी झाल्यावर ती भिंतीपाशी गेली. जवळून तर शंकाच उरली नाही. कोटाच्या पाठीवरची ती एक चुणी, जी तिने लहानपणी वडिलांच्या दुकानातल्या चित्राच्या काचेवरून बोटाने हजारदा गिरवली होती, तीसुद्धा जागेवर होती. कुत्र्याचा एक कान उभा, एक पडलेला. फक्त माणसासमोर जिथे नदीचं मोठं वळण आणि पलीकडे गवताळ टेकड्या असायला हव्या होत्या, तिथे वाळू होती, आणि वाळूत खांबांसारखे उंच निवडुंग. युसेब थिबो जन्मात कधी निवडुंगांच्या मुलखात गेला नव्हता. तो एकदाच घर सोडून लांब गेला होता, ह्याच सेंट पॉल शहरातून, रेल्वेमार्गाची पाहणी करायला निघालेल्या सरकारी तुकडीबरोबर, वायव्येला, खेचरं हाकायला. आणि परतल्यावर मरेपर्यंत त्याने आपलं घर सोडलं नाही. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, जागेवर बसून रेखाटन करणाऱ्याचं नाव होतं. ते तिला अनोळखी होतं. उजव्या कोपऱ्यात, ते रेखाटन दगडावर उतरवून छापणाऱ्या न्यू यॉर्कच्या कारागिराचं. ते मात्र तिला पाठ होतं.

"छान आहेत ना ही जुनी चित्रं?" कप उचलायला आलेली कचेरीतली मुलगी म्हणाली. "सजावटवाल्या बाईंनी आणलीत. म्हणाल्या, भिंतीच्या रंगाशी जातात."

बाहेर ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. लेनोर यंत्राची पेटी हातात घेऊन उताराच्या रस्त्याने नदीच्या दिशेने चालू लागली, आणि चालता चालता मनाने पापांच्या दुकानात जाऊन पोचली. पापा न्हावी होते. ओटर बेंड गावाच्या मुख्य रस्त्यावर त्यांचं एका खुर्चीचं दुकान. समोर आरसा, आणि आरशासमोरच्या भिंतीवर ते चित्र. म्हणजे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला ते आरशातच दिसायचं, उलटं. भिंतीवरचा युसेब पश्चिमेकडे बोट दाखवायचा आणि आरशातला युसेब आल्या वाटेकडे, घराकडे. लहान असताना लेनोरला वाटायचं की हे दोघे आहेत, एक जाणारा आणि एक परत येणारा, आणि मधल्या खुर्चीत जो कुणी बसलाय त्याच्याबद्दल दोघांचं भांडण चाललंय. गाव सगळं नॉर्वेहून आलेल्यांचं. थिबो हे एकच घर फ्रेंच कॅनडाकडचं, कॅथलिक, जमिनीचा तुकडा नसलेलं. शाळेत पोरं तिला फ्रेंच म्हणून बेडूकखाऊ म्हणत आणि मोठी माणसं म्हणत नसत, पण त्यांच्या गप्प राहण्यात तो शब्द बसलेला असे. अशा गावात पापांजवळ एकच गोष्ट होती. ते गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवायचे आणि म्हणायचे, "तुझा आजोबा बोटीच्या कठड्यावरून उलट्या काढत होता ना, त्याच्या कितीतरी आधी माझा आजोबा हा इथे उभा होता. बघ. ह्याने बोट दाखवलं म्हणून तुम्ही आलात." मानेवर वस्तरा असताना कोण वाद घालणार? आई, बोरघिल्ड, स्वतः नॉर्वेवाल्यांचीच मुलगी, ती मागच्या दारातून टॉवेल घेऊन येताना म्हणायची, "नुसतं बोटच दाखवलं हो ह्यांच्या म्हाताऱ्याने. नांगर माझ्या लोकांना धरावा लागला." दुकान हसायचं. पापाही हसायचे. पण बोरघिल्डच्या वडिलांनी कॅथलिक न्हाव्याला मुलगी दिली ती त्या चित्रापुढे बराच वेळ उभं राहून, टोपी काढून, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि तिला स्वतःला? अठराव्या वर्षी ती शहरात यायला निघाली त्या सकाळी पापांनी तिला खांद्यांना धरून चित्रासमोर उभं केलं होतं. "घाबरू नकोस," ते म्हणाले होते. "वाट शोधणारं रक्त आहे आपलं." त्या वेळी तिला लाज वाटली होती, बस चुकेल म्हणून घाईही झाली होती. पण पुढे भाड्याच्या खोल्यांतून, पहिल्या खटल्याच्या दिवशी, आणि मग एका हिवाळ्यात नवरा आपली बॅग नीट भरून, दार हलकेच लावून निघून गेला तेव्हा, पलंगाच्या काठावर बसल्या बसल्या तिला तो ताणलेला हात दिसला होता. तो काय दाखवतोय हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पण काहीतरी दाखवतोय, एवढं पुरत होतं. आता उतारावर मध्येच थांबून तिने नदीकडे पाहिलं. पाणी होतं, त्यावर ऊन होतं. कुठेही काही दुखत नव्हतं. फक्त एखादा दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या पोकळीत जाते तसं मन तिथेच जात होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती केसलरकडे गेली. जुने नकाशे आणि छापील चित्रं विकणारं त्याचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. इतकी वर्षं ती त्यावरून जात आली होती, आत पाऊल टाकायचं कधी मनात आलं नव्हतं. केसलर हा उंच, वाकलेला, सतत काहीतरी चघळणारा म्हातारा. तिने दगडावरचा पाय, हात, कुत्रा असं वर्णन सुरू केलं आणि तो वाक्य पुरं व्हायच्या आतच हसायला लागला.

"हा होय! हा तर माझा जुना दोस्त. ह्याला मी चार ठिकाणी पाहिलाय. एकदा गुडघाभर बर्फात. थांबा, तो आहेच माझ्याकडे." त्याने खालच्या खणातून एक मोठा पुठ्ठा काढून टेबलावर उलगडला. बर्फाने भरलेली खिंड, काळी झाडं, आणि पुढ्यात तोच. तोच कोट. त्या थंडीतही टोपी मागे ढकललेली.

"असं कसं?" लेनोर म्हणाली.

"असंच. तुकडीबरोबरचा चित्रकार रेखाटनं पाठवायचा ती मोकळी. डोंगर, नदी, झालं. ती दगडावर उतरवणारा माणूस न्यू यॉर्कमध्ये स्टुलावर बसलेला. त्याने ह्या बाजूला कधी पाऊल टाकलेलं नाही. मोकळं चित्र लोकांना आवडत नाही हो. कुठे बघायचं तेच कळत नाही. मग तो ठेवणीतला एक माणूस काढायचा आणि द्यायचा उभा करून."

"मग हा खरा कोण होता?"

"खरा?" केसलरने चघळणं थांबवलं. "असेल छापखान्यातलाच कुणीतरी. दोन मिनिटं पाय खोक्यावर ठेवून उभा राहा म्हणाले असतील. किंवा कुणीच नसेल."

कुणीच नसेल, हे शब्द तिने परतताना मनात यंत्रावर दाबून पाहिले. दोनच ठोके लागत होते.

त्या संध्याकाळी पापांचा फोन आला. गावाच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आता संग्रहालय झालं होतं, तिथल्या नव्या दालनाचं रविवारी उद्घाटन होतं, आणि मधल्या भिंतीवर पापांचं ते चित्र लागणार होतं. संग्रहालयाचं काम बघणाऱ्या मिसेस रूड स्वतः दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. खाली पितळी पाटी: युसेब थिबो वाट दाखवताना. "रूडबाई म्हणतात, मी बोलायचं," पापा म्हणाले. "ऐंशी वर्षांत ह्या गावाने मला दोन शब्द बोला म्हटलं नव्हतं. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, पापा."

"मग अशी गप्प का? माझा सूट धुवून आलाय. जरा ढगळ होतो, पण ऑस्मुंड म्हणाला, ढगळ बरा, घाबरून थरथरलास तरी दिसणार नाही. गाढव आहे." ऑस्मुंड म्हणजे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुना मित्र. "शुक्रवारी ये. तुझं ते टकटक यंत्र घेऊन ये. माझं भाषण नीट उतरवून दे, रूडबाईंना टाइप केलेलं हवंय."

ती गाडी चालवत गेली ते ठरवूनच, की सांगायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं, मध्ये मध्ये धान्याची कोठारं, आणि वर एवढं आभाळ की गाडी जागच्या जागी उभी आहे असं वाटावं. सांगून काय मिळणार होतं? कोर्टात ती आयुष्यभर पाहत आली होती, माणसं शपथ घेऊन, डोळ्यांत डोळे घालून सांगतात की तोच होता, आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांनी तसं पाहिलेलंच असतं. कुणी वकील उठून त्यांचं पाहणं खोटं पाडतो, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो तेही तिला माहीत होतं. तो चेहरा तिला पापांचा झालेला बघायचा नव्हता. रविवार पार पडेल. पाटी लागेल. म्हाताऱ्याची अजून किती वर्षं. असा विचार करत ती गावात शिरली, आणि दुकानाच्या बंद काचेवर अजून धूसर दिसणारं त्यांचं नाव वाचून तिला एकदम, काही कारण नसताना, भूक लागली.

पापांनी वाटाण्याचं सूप केलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी चित्र टेबलाला टेकवून ठेवलं, स्वतः सूट चढवून उभे राहिले, घसा साफ केला. लेनोरने यंत्र मांडलं. "बंधुभगिनींनो," पापा म्हणाले, "ह्या जमिनीवर तुमच्यापैकी कुणाचा नांगर लागण्याआधी इथे एक माणूस उभा होता. तो कुणी मोठा नव्हता. तो सरकारी खेचरं हाकायचा. पण साहेब लोकांना वाट सुचेना तेव्हा त्यांनी त्याला पुढे बोलावलं. तो माणूस हा, माझा आजोबा."

बोटं थांबली. ह्या वेळी तिने ती ढकलून पाहिली. ती हलली नाहीत.

"काय झालं?" पापा म्हणाले. "जोरात बोललो?"

"नाही."

"मग?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हजारो चेहरे आरशात न्याहाळलेला माणूस पाहतो तसं, गाल आणि जबड्यावरून सावकाश. "लेनोर, तू आल्यापासून त्या चित्राकडे एकदाही बघितलेलं नाहीस. का गं?"

तिने सांगितलं. निवडुंग सांगितले, बर्फ सांगितला, न्यू यॉर्कचा माणूस सांगितला. ती अगदी सपाट आवाजात बोलली, जबानी वाचून दाखवताना बोलायची तशी, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते बोलताच आलं नसतं. पापा बसले. सूट ढगळ होताच, आता त्यात आणखी कमी माणूस उरल्यासारखा दिसायला लागला.

"कुत्रासुद्धा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कुत्रासुद्धा."

"त्या कुत्र्याचं नाव मी लहानपणी ठेवलं होतं." ते उठून खिडकीपाशी गेले. "म्हणजे साठ वर्षं मी लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरून..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग म्हणाले, "तुला रविवारनंतर सांगता आलं नसतं?"

"तेच ठरवून आले होते."

"हं." थोड्या वेळाने: "नाही, बरं केलंस. नाही. बरं काय केलंस." ते वळले. त्यांचा चेहरा तिला वाटला होता तसा झाला नव्हता. तो फक्त फार थकलेला होता आणि त्यात कुठेतरी कुतूहल होतं, ज्याची तिने अपेक्षा केली नव्हती. "बर्फातला म्हणालीस तो. तो बघायला मिळेल?"

शनिवारी सकाळी ते दोघे शहराच्या वाटेला लागले. पापा वाटेत एकदाच बोलले. चित्र घरात आणलं होतं ते त्यांच्या ऑनेझिम काकाने, कुठल्याशा बाजारातून, सरकारी अहवालातून फाडून विकलेलं पान. "काका काय म्हणाला होता ते मला आठवतंय," ते म्हणाले. "मी एवढासा होतो, त्याच्या मांडीवर. तो म्हणाला, हीच ती नदी, म्हणजे हा आपला म्हातारा असेल. असेल म्हणाला तो. मग 'असेल'चं 'आहे' कधी झालं, ते मला आठवत नाही. कुणी मुद्दाम केलं नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतो, तसं झालं."

केसलरने खुर्ची दिली ती पापांनी घेतली नाही. टेबलावर दोन्ही हात टेकवून ते चित्रावर वाकले, इतका वेळ की केसलरने लेनोरकडे पाहून भुवया उडवल्या. मग पापा हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले.

"अरे बिचाऱ्या," ते चित्रातल्या माणसाला म्हणाले. "केवढा चालवलाय रे तुला! इकडे बर्फ, तिकडे वाळवंट, आणि अंगावर तोच कोट. दाढी करायलासुद्धा वेळ दिला नाही."

"मजुरीही दिली नसणार," केसलर म्हणाला.

"तुमच्याकडे आणखी आहे का हा?"

"होता एक. समुद्रकिनाऱ्यावर. गेला विकला."

"समुद्र तरी पाहिला म्हणायचा." पापांनी डोळे पुसले. मग त्यांचं बोट चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं, जिथे घोंगडी पांघरलेला एक माणूस, त्या मुलखातल्या मूळच्या इंडियन लोकांपैकी, पाठमोरा बसला होता. "आणि हाही आलाय बरोबर. हा आपल्या चित्रातही आहे, लेनोर. ह्याच्याकडे मी कधी नीट बघितलंच नाही. माझं गिऱ्हाईकही कुणी बघत नसे."

लेनोरने पाहिलं. घोंगडीच्या घड्या, एक वेणी, झुकलेला खांदा. तोही ठेवणीतलाच, तोही कुणी नसलेला. पण त्या वळणावर, त्या नदीकाठी खरे लोक राहतच होते, त्यांना कुणी बोट दाखवून नदी कुठे आहे ते सांगायची गरज नव्हती; आणि चित्रात त्यांची अशी एक उसनी पाठ तेवढी आली होती. तिला वाटलं, इतकी वर्षं तो ताणलेला हात बघत होतो तेव्हा खरं तर काय बघत होतो आपण?

परतीच्या वाटेवर पापा डोळे मिटून बसले होते. झोपले असं वाटून तिने रेडिओ बंद केला, तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, "नदी खरी आहे ना पण?"

"कसली नदी?"

"आपल्या चित्रातली. वळण, टेकड्या. ते तर त्या तुकडीबरोबरच्या चित्रकाराने तिथे बसूनच काढलं ना? ते काही न्यू यॉर्कवाल्याने ठेवणीतून नाही काढलं?"

"नाही. ते खरं आहे. खाली लिहिलेलं आहेच की, वायव्येकडे पाहताना."

"म्हणजे तो चित्रकार तिथे बसला होता. गुडघ्यावर वही घेऊन. बराच वेळ बसला असणार." पापा सरळ झाले. "आणि चित्रकार काही पायी आला नव्हता. मग त्याचं खेचर त्या वेळी कुणी धरलं होतं?"

लेनोरने गाडीचा वेग कमी केला. मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला.

"असेल म्हणतोय मी," पापा घाईने म्हणाले. "फक्त असेल. खेचरंवाला काही तो एकटाच नव्हता."

रविवारी स्टेशनात गाव जमलं होतं. चर्चच्या बायकांनी कॉफी, लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या आणि वेलदोड्याचा पाव आणला होता. मधल्या भिंतीवर चित्र, त्याखाली दोन स्क्रू, आणि मिसेस रूड यांच्या हातात मखमलीवर ठेवलेली पाटी. लेनोर मागच्या बाकावर बसली. पापा काय बोलणार आहेत हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सकाळी तिच्याकडून तो अर्धवट टाइप केलेला कागद मागून घेतला होता आणि घडी करून खिशात ठेवला होता. ते उभे राहिले. खिशातला कागद त्यांनी काढला नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "हा माझा आजोबा नाही."

कुणीतरी कप बशीवर ठेवला, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. मिसेस रूड यांचं हसू तसंच राहून गेलं, उचलायला कुणी आलं नाही म्हणून. आणि मग पापा सांगायला लागले. गिऱ्हाइकाला सांगायचे तसेच, एक हात हवेत, जणू त्यात कंगवा आहे. निवडुंग सांगितले, बर्फ सांगितला, समुद्रही सांगितला. न्यू यॉर्कमधला स्टुलावरचा माणूस सांगितला, कोट न बदलता मुलुखभर फिरणारा हा बिचारा सांगितला. पहिल्यांदा ऑस्मुंड हसला. मग हळूहळू सगळे. लेनोरला ते हसणं नीट ऐकायचं होतं, म्हणून ती पुढे वाकली; तिला भीती होती की त्यात तो जुना शब्द असेल. क्षणभर होताही, असं तिला वाटलं, डावीकडच्या बाकावर. पण पापांनी त्या बाकाकडे पाहून थोडं थांबून म्हटलं, "साठ वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की ह्याने तुम्हाला वाट दाखवली. तुम्ही वस्तऱ्याच्या भीतीने मानलंत. आता मान मोकळी आहे, हवं ते म्हणा." तेव्हा तिथलंही हसू बदललं.

"बेडूकखाऊ," ऑस्मुंड मोठ्याने म्हणाला, "मग तुझा म्हातारा होता कुठे?"

"तो मागे होता," पापा म्हणाले. "चित्र काढणाऱ्याच्या मागे, खेचरं धरून. असेल. जे तुम्ही ह्या भिंतीवर बघताय ते त्याने बघितलं असेल. तो मात्र दिसणार नाही."

"किती खेचरं होती?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"माहीत नाही."

"परत कसा आला तो?"

"माहीत नाही." पापांनी तो शब्द तोंडात घोळवल्यासारखा म्हटला. लेनोरला आठवेना त्यांनी तो ह्याआधी कधी वापरला होता. आणखी दोघा-तिघांनी प्रश्न विचारले, तो कसा दिसायचा, नांगराआधी इथे कोण राहायचं, आणि पापा प्रत्येकाला माहीत नाही म्हणाले, लाजून नाही, कुणी मोकळ्या खोल्यांचं एकेक दार उघडून दाखवावं तसं. मिसेस रूड पाटी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "पण मि. थिबो, मग मी आता हिचं काय करू?" आणि पापा म्हणाले, "द्या मला. दाराला लावतो. घरात थिबो राहतो एवढं तर खरं आहे." त्यावर त्यासुद्धा हसल्या, जरा उशिराने, आणि चित्राखाली दोन स्क्रू नुसतेच राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आत दोघे पायी घरी निघाले. लोकांनी पापांचा हात दाबला होता, काहींनी दाबला नव्हता. मिसेस रूड यांनी चित्र ठेवून घेतलं होतं. नदीसाठी, त्या म्हणाल्या. रस्त्यावर माणसं नव्हती. पापांनी चालता चालता तिच्या दंडात हात अडकवला, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं, आणि तिने पावलं लहान केली. तिला वाटत होतं की आता काहीतरी जड वाटायला लागेल, उद्या शहरात, कुठल्यातरी जबानीच्या मध्ये. ती त्याची वाट पाहत होती. ते आलं नाही. चित्रातलं नदीचं ते वळण तिला दिसत होतं, पण आता पुढ्यात कुणी नसलेलं, आणि ती ते प्रथमच बघत होती, कारण कुठे बघायचं ते कुणी सांगत नव्हतं. पलीकडच्या टेकड्या. पाण्यावरची फिकट पट्टी. आणि बघणाऱ्याच्या पाठीमागे कुणीतरी, हातात दोर धरलेला, वारा लागणारा. त्याला चेहरा द्यावा असं तिला वाटलं नाही.

"थंडी वाजत असेल त्याला," पापा म्हणाले. "आणि कंटाळा. साहेब बसलाय कागदावर रेघा ओढत, आणि हा उभा."

"हो."

"काय करत असेल गं एवढा वेळ? गात असेल?"

"माहीत नाही, पापा," ती म्हणाली. मग चार पावलांनंतर: "पण खेचरं शांत उभी होती हे नक्की. चित्रकाराची एक रेघ हललेली नाही."